प्रतिकृतीचे प्रमाण : दोन विमानांची गोष्ट

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की, चिमूरसारख्या जंगलाकाठच्या गावात विमानांच्या छोट्या प्रतिकृतींचे काय काम? इथे ना विमानतळ, ना विमानांचे संग्रहालय. पण विषय वरून विमानाचा दिसला तरी आत तो पुराव्याचा आहे, आणि पुराव्याचा प्रश्न चिमूरला काही नवा नाही. तो कसा, ते पुढे येईलच.

आधी प्रतिकृती म्हणजे काय ते बघू. हौशी मंडळी प्लॅस्टिकचा संच आणून किंवा लाकूड-पुठ्ठा कापून खऱ्या विमानाचे लहान रूप बनवतात. त्यातले एक प्रचलित माप बहात्तरास एक, म्हणजे खऱ्या विमानाचे बहात्तर मिलिमीटर ते प्रतिकृतीचा एक मिलिमीटर. पंखांचा विस्तार सव्वाअकरा मीटर असेल, तर प्रतिकृती साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास भरते. शाळेतली पट्टी आडवी ठेवली की तिच्या निम्म्याच्या आसपास भरेल एवढी. इथे एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या विमानावर सात सेंटिमीटर चुकले.

हे झाले एक प्रमाण. आपल्या भाषेत ‘प्रमाण’ शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. दर्शनशास्त्रात प्रमाण म्हणजे खात्रीचे ज्ञान ज्या मार्गाने मिळते तो मार्ग. प्रतिकृती करणाऱ्याला ही दोन्ही प्रमाणे लागतात. पट्टीवरचे प्रमाण दुकानात मिळते. दुसरे मिळवताना मात्र घाम फुटतो. दार कुठल्या बाजूला होते? धुराचा नळ कुठून निघत होता? अक्षरे कोणत्या रंगाची होती? आणि हे आम्हाला ठाऊक आहे, असे आम्ही कशाच्या जोरावर म्हणतो?

नैयायिकांनी ज्ञानाचे चार मार्ग सांगितले : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. या दोन अटी लक्षात ठेवा. प्रामाणिक पण न पाहिलेला माणूस आप्त ठरत नाही, आणि पाहिलेला पण फुगवून सांगणारा माणूसही ठरत नाही.

आता पहिले विमान घेऊ. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन उड्डाण केले, अहमदाबादला उतरले आणि तिथून मुंबईच्या जुहूला आले. पुढे तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. टाटांच्या नियमित हवाई टपाल सेवेची ही सुरुवात. विमान होते डी हॅविलँड कंपनीचे पस मॉथ. एक इंजिन, तीन आसने, पंख डोक्यावर. समजा, तुमच्यापैकी कुणाला याची प्रतिकृती करायची आहे. तुम्ही चित्रे शोधायला लागता आणि जे. आर. डी. एका लहानशा, डोक्यावर पंख असलेल्या विमानाशेजारी उभे आहेत असे छायाचित्र मिळते. खाली ओळ असते : पहिले टपाल उड्डाण. झाले काम, असे वाटते.

पण थांबा. त्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवाला, १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी जे. आर. डी. यांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. त्या वेळचे विमान पस मॉथ नव्हते, लेपर्ड मॉथ होते. कंपनी एकच, बांधणीची ठेवण सारखी. दोघांच्या पंखांच्या विस्तारात फरक फार तर वीस-पंचवीस सेंटिमीटरचा, म्हणजे बहात्तरास एक या मापात तीन मिलिमीटर. छायाचित्रावर पट्टी ठेवून तो ओळखू येणार नाही.

मग ओळखायचे कसे? इथे अनुमान कामाला येते. पस मॉथचे पंख मुळापासून जवळजवळ टोकापर्यंत सारख्या रुंदीचे, तर लेपर्डचे टोकाकडे निमुळते होत जाणारे. पस मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर कापड. लेपर्डचे धड प्लायवूडच्या पेटीसारखे. आणि सर्वांत पक्की गोष्ट काळाची. लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडाले ते १९३३ साली. म्हणजे छायाचित्रात निमुळत्या पंखांचे लेपर्ड दिसत असेल, तर खालची ओळ काहीही म्हणो, ते छायाचित्र १९३२चे असूच शकत नाही. विमानाची घडण ही साक्ष, आणि ओळ हे कुणीतरी नंतर घातलेले विधान. दोन्ही एकाच कागदावर छापलेली असली, तरी त्यांचे वजन सारखे नसते.

रंगाचेही असेच आहे. जुन्या कृष्णधवल छायाचित्रात गडद दिसते ते काळे किंवा निळेच असेल, असे समजू नका. त्या काळात ऑर्थोक्रोमॅटिक नावाची फिल्म बरीच वापरात होती. तिला लाल प्रकाश जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे लाल रंग काळपट उमटे आणि निळा फिकट. म्हणजे कॅमेरा प्रामाणिक असतो, पण त्याची जाण मर्यादित. आप्ताच्या दोन अटींपैकी एक त्याने पाळली, दुसरी अर्धवट.

कुणी म्हणेल, ‘सर, खरे विमानच संग्रहालयात जाऊन बघितले तर? प्रत्यक्षाला प्रमाण कशाला?’ बरोबर आहे, शक्य असेल तेव्हा जावेच. पण राइट बंधूंचे १९०३चे विमान बघा. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. अस्सल आहे, यात शंका नाही. तरी त्या दिवशी चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याने ते उलटवून मोडले होते. पुढे त्याची दुरुस्ती झाली, १९२७ साली आणि पुन्हा १९८५ साली त्यावर नवे कापड चढवले गेले. त्या कापडाची छटा आणि शिवण जशीच्या तशी उचलणारा माणूस १९०३चे नव्हे, १९८५चे कापड उचलतो. प्रत्यक्षालाही ‘कधीचे?’ हा प्रश्न विचारावा लागतो.

आता दुसरे विमान, आणि ते आपल्या अधिक जिव्हाळ्याचे. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे. वेदविद्येचे अभ्यासक, हरहुन्नरी माणूस. त्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान उडवले, ते पंधराशे फूट उंच गेले, महाराजा सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे तिथे हजर होते, ‘केसरी’त बातमी आली, असे सांगितले जाते. २०१५ साली त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. शाळेतल्या एखाद्या मुलाने ‘मरुत्सखा’ची प्रतिकृती करायचे ठरवले, तर त्यात गैर काय? काहीच नाही. आपण फक्त त्या मुलाच्या शेजारी बसून संदर्भ शोधू.

छायाचित्र हवे, त्या उड्डाणाचे प्रमाणित छायाचित्र पुढे आलेले नाही. आराखडा हवा, जी चित्रे या संदर्भात फिरतात, त्यांतली पुष्कळशी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली असतात. तो ग्रंथ भारद्वाज ऋषींच्या नावावर आहे, पण तो बेंगळुरूच्या पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३च्या दरम्यान सांगून लिहवून घेतला आणि त्यातली चित्रे १९२३च्या सुमारास एल्लप्पा नावाच्या आरेखकाने काढली. म्हणजे चौपाटीच्या प्रयोगानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, आणि ज्याने तो प्रयोग पाहिला असे कुणी म्हणत नाही अशा माणसाच्या हातून.

१९७४ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी या ग्रंथाची चिकित्सा केली. भाषा वैदिक नाही, ग्रंथ १९०४च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णिलेली शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही विमाने उडण्याजोगी नाहीत, हे त्यांनी गणित मांडून दाखवले. तळपदे यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली विमाने बनवण्याचा प्रयत्न केला, पण ती उडाली नाहीत, अशीही नोंद त्या अभ्यासात आहे. आणि चित्रपटातले यंत्र? ते चित्रपटाच्या कलादालनात जन्मले. त्यावरून प्रतिकृती केली, तर ती चित्रपटाच्या सजावटीची प्रतिकृती होईल.

राहिली ‘केसरी’ची बातमी. आमच्या वाचनात आलेल्या अशा लेखांमध्ये बातमीचा उल्लेख असतो. अंक, तारीख, पान नसते. एका लेखावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. दहा लेख एकाच मुळातून निघाले असतील, तर साक्षीदार एकच धरायचा, दहा नव्हे. हा नियम प्रतिकृतीच्या आराखड्यांनाही लागू : चार पुस्तकांत दार एकाच चुकीच्या जागी असेल, तर चौघांनी एकाच पानावरून उतरवले आहे, एवढेच सिद्ध होते.

कुणी म्हणेल, परकीयांना चटकन मान्य करता आणि आपल्या माणसाला पुरावा मागता. तर त्याच काळातले उदाहरण घ्या. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युअल लँगली यांनी पोटोमॅक नदीवर वाफेच्या इंजिनाचे मानवरहित विमान उडवले. ते सुमारे एक किलोमीटर गेले. टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल तिथे होते, त्यांनी छायाचित्रे घेतली आणि लगेच लेखी साक्ष छापून दिली. तेव्हा मानवरहित यंत्र उडणे त्या काळी अशक्य नव्हते. तळपदे यांच्याकडे आम्ही जे मागतो, तेच लँगलींकडेही मागितले. त्यांच्याकडे ते निघाले.

आता मुद्दा येतो मौनाचा. नोंद सापडत नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असे म्हणता येते का? मीमांसकांनी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले, पण अट घातली : ती वस्तू तिथे असती, तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असे ठरत नाही.

आणि इथे चिमूर येते. १६ ऑगस्ट १९४२ला या गावात काय झाले आणि त्यानंतर लष्कर व पोलिसांनी काय केले, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला. सरकारने त्या बातम्या छापण्यावर बंदी घातली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. उद्या एखादा संशोधक त्या महिन्यांतली वृत्तपत्रे चाळून म्हणाला, चिमूरबद्दल फारसे छापलेले नाही, म्हणजे फारसे घडले नाही, तर आपण काय म्हणू? म्हणू की बाबा, खोलीत मुद्दाम अंधार केला होता.

१८९५च्या मुंबईत तसा अंधार नव्हता. मराठी, गुजराती, इंग्रजी पत्रे रोज निघत होती. एक संस्थानिक आणि हायकोर्टाचे एक न्यायमूर्ती चौपाटीवर जमले आणि यंत्र आकाशात गेले, हे दडपण्याचे कुणाला कारण नव्हते. म्हणून तिथले मौन बोलके आहे आणि चिमूरच्या वृत्तपत्रांतले मौन लादलेले. हा भेद आपण सोडला, तर आपलेच नुकसान. चौपाटीच्या बाबतीत ‘सांगतात ना, मग खरेच’ असे चालवून घेतले, तर चिमूरच्या आयाबहिणींनी दिलेल्या साक्षीलाही उद्या कुणी ‘सांगतातच ना नुसते’ म्हणून बाजूला सारेल. तेव्हा अडवायला आपल्याकडे कसोटी उरणार नाही.

मग त्या शाळकरी मुलाने करायचे काय? आम्ही सुचवू : एक वही घे. डाव्या बाजूला विमानाचा भाग लिही, मध्ये तो तुला कशावरून कळला, उजवीकडे तो आधार कोणत्या वर्षाचा आणि कुणाचा. पस मॉथची वही बरीच भरेल, काही घरे रिकामी राहतील. त्या जागी अंदाज केलास, तर ‘अंदाज’ असे लिही आणि प्रतिकृतीखालच्या पाटीवरही ते येऊ दे. ‘मरुत्सखा’ करायचे असेल तर तेही कर. पाटीवर लिही : तळपदे यांच्या विमानाची कल्पना, चित्र १९२३चे. त्याने तळपदे लहान होत नाहीत. त्या काळात विमान करू पाहणारा मराठी माणूस, एवढे त्यांच्याबद्दल खरे आहे, आणि तेवढे पुरेसे मोठे आहे.

प्रदर्शनात ती पाटी वाचून कुणी विचारेल, ‘हे अंदाज का लिहिलेस?’ त्या मुलाला तेव्हा उत्तर देता आले पाहिजे. आता तुमचे प्रश्न घेऊ.