दोन स्प्रिंगांवर सहा अवजारं कशी बसतील?

आजच्या भागात खिशात मावणारी वस्तू आहे. लाल मूठ, त्यावर पांढरा क्रॉस. कुणाच्या तरी काकांनी परदेशातून आणलेला स्विस चाकू घरात असेल, आणि त्याचा उपयोग बहुतेक पार्सल फोडायलाच होत असेल!

हा चाकू बनवणाऱ्या कार्ल एल्सनरने 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात कारखाना काढला. यंत्रं ओढ्याच्या पाण्यावर फिरायची. भाग गरीब होता, कामासाठी माणसं देश सोडून जायची. गावातच रोजगार हवा, ही त्याची धडपड होती.

तेवढ्यात स्विस सैन्यात नवी रायफल आली. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा, आणि जेवण डबाबंद. म्हणून सैन्याने ठरवलं, की प्रत्येक शिपायाला एकच चाकू द्यायचा: पातं, डबा उघडायचं ओपनर, स्क्रूड्रायव्हर आणि भोक पाडायची आरी. पण पहिले 15,000 चाकू बनवून घेतले जर्मनीतल्या झोलिंगेनमधून! स्विस कारागिरांकडे तेवढ्या उत्पादनाची सोयच नव्हती.

एल्सनरने कारागिरांची संघटना उभी केली आणि 1891 मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. पण झोलिंगेनचा माल स्वस्त. एकेक सोबती गळाला, हा एकटा राहिला आणि पार कर्जात बुडाला. नातेवाईक धावून आले म्हणून वाचला.

आता खरी मजा. शिपायाचा चाकू दणकट होता, पण जड. अधिकाऱ्यांसाठी हलका आणि जास्त कामाचा चाकू बनवायचा, तर अडचण अशी: घडीच्या चाकूत पात्याच्या बुडाशी पोलादी पट्टीची स्प्रिंग दाब देते, म्हणून पातं 'कट्' आवाज करत उघडं राहतं. अवजारं वाढवली की पट्ट्या वाढतात, आणि खिशात वीट घेऊन फिरल्यासारखं होतं.

एल्सनरने पट्टीची दुसरी बाजूही कामाला लावली. पुढे पाती, आणि त्याच पट्टीच्या पाठीवर दाब घेणारी मागची अवजारं. दोन स्प्रिंगांवर सहा अवजारं! आम्ही कोडवाले याला शेअर्ड लायब्ररी म्हणू. दोघांना तेच लागतं, तर दोनदा कशाला लिहायचं?

12 जून 1897 ला या 'ऑफिसर्स' चाकूची नोंदणी झाली. छोटं पातं आणि कॉर्कस्क्रू नवे होते. वाइनचं बूच काढणं ही काही युद्धाची गरज नव्हे, त्यामुळे सैन्याने तो अधिकृत साहित्यात घेतला नाही. पण अधिकाऱ्यांनी पदरचे पैसे देऊन घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांना त्याचं जर्मन नाव उच्चारता येईना, म्हणून ते 'स्विस आर्मी नाइफ' म्हणू लागले.

एक खोट मात्र माझ्या मते आहेच: या स्प्रिंगने पातं लॉक होत नाही. उलट्या बाजूने जोर आला तर ते बोटावर मिटतं. फ्रान्सच्या ओपिनेलने 1955 मध्ये चाकूच्या गळ्यात फिरती कडी बसवून हा प्रश्न किती सोपा केला! स्विस शिपायाच्या चाकूत लॉक आलं ते थेट 2008 च्या मॉडेलमध्ये.

एल्सनरची आई व्हिक्टोरिया 1909 मध्ये वारली. ब्रँडला तिचं नाव दिलं. 1921 मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' त्याला जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं.

2001 मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर विमानात चाकू नेणं बंद झालं आणि विमानतळांवरची विक्री कोसळली. तेव्हा कंपनीने माणसं काढली नाहीत. काहींना काही काळ आसपासच्या कंपन्यांत कामाला पाठवलं, मग परत बोलावलं.