दुखऱ्या खांद्याची रायफल

कादंबरीकाराला आपल्या पात्रांची लग्ने जुळविता येतात, त्यांना नोकऱ्या लावून देता येतात, आणि अगदीच नकोशी झाली तर पटकीच्या साथीत त्यांना निकालातही काढता येते. पण एखाद्या पात्राच्या हातात हत्यार द्यायची वेळ आली, की त्याची भंबेरी उडते. मी लिहायला घेतलेल्या कादंबरीत एक निवृत्त जंगल-अधिकारी आहे. साल १९१०, मुक्काम मेळघाटच्या पायथ्याशी. तरुणपणी घोड्यावरून पडून त्याचा उजवा खांदा व हासळीचे हाड मोडलेले, आणि वाकडेच सांधलेले. गावाजवळ वाघ येऊन बसला आहे आणि बंदूक चालविणारा माणूस पंचक्रोशीत हाच एक. या गृहस्थाला कोणती रायफल द्यावी? या एका प्रश्नाने माझ्या दोन मे महिन्यांच्या सुट्या खाल्ल्या. घरात माझी संभावना आता ‘शिकारी’ अशीच होते. मी उभ्या जन्मात उंदीर मारलेला नसताना!

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि झाली हे फार चांगले झाले. मी सांगतो आहे ती गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. हत्तीच्या आणि वाघाच्या शिकारीच्या बंदुकीविषयी वाचताना आपण नेहमी नळीच्या पुढच्या टोकाकडे पाहतो. मागच्या टोकाला एक खांदा असतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

जुन्या काळी नळीचे माप ठरविण्याची रीत मोठी गमतीची होती. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडायच्या; त्यातली एक ज्या नळीत बसेल ती ‘बारा बोअर’. हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत अजून ऐकू येतो. याच हिशेबाने आठ बोअरची गोळी अर्ध्या पावाची, म्हणजे रत्तलाचा आठवा हिस्सा, आणि चार बोअरची गोळी पाव रत्तलाची. काळ्या दारूला गोळी फार वेगाने फेकता येत नसे. म्हणून हत्ती पाडायचा तर गोळीचे वजनच वाढवावे लागे, आणि गोळी वाढली की दारू वाढे. या वाढीचा सगळा हिशेब शेवटी खांद्याला चुकता करावा लागे.

नाईलचा प्रवासी सॅम्युएल बेकर याने तर अर्ध्या रत्तलाचा फुटणारा गोळा फेकणारी एक रायफल करून घेतली होती. तिचे नाव त्याने ठेवले ‘बेबी’! त्याच्या अरब नोकरांना ते नाव पसंत नव्हते. ते तिला तोफेचे पोर म्हणत. बेकर अंगाने दणकट होता. तरी बार काढल्यावर आपण वाऱ्यावरच्या दिशादर्शक कोंबड्यासारखे गरकन फिरतो, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. ती उडवायची त्याला स्वतःलाच धास्ती वाटे.

मला याहून चटका लावणारी वाटते ती फ्रेडरिक सेलूसची कथा. १८७१ साली एकोणिसाव्या वर्षी हा पोरगा दक्षिण आफ्रिकेत उतरला. जवळची चांगली दोननळी तिथे चोरीला गेली. मग बर्मिंगहॅमच्या आयझॅक हॉलिस या कारखान्याच्या, तोंडाने ठासायच्या दोन चार-बोअर बंदुका त्याने सहा-सहा पौंडांना घेतल्या. दारू मोजायची तऱ्हा म्हणजे कातडी पिशवीत हात घालायचा आणि मूठभर काढायची. त्या दोन बंदुकांनी तीन वर्षांत त्याने अठ्ठ्याहत्तर हत्ती मारले. एकदा बार उडाला नाही. बंदूक पुन्हा ठासली गेली, आणि मग दोन्ही बार एकदम उडाले. सेलूस जमिनीवरून उचलला गेला आणि तोंडावर आपटला. दस्त्याचे तुकडे झाले, गालाला जखम झाली, उजवा हात बधिर पडला. पण खरे नुकसान त्या दिवशी झाले नव्हते, ते रोज थोडेथोडे होत होते. पुढे त्याने लिहिले की त्या बंदुका आपल्या हाती आल्या हेच वाईट झाले; त्यांच्या धक्क्याने आपल्या मज्जातंतूंवर जो परिणाम झाला तो नेमबाजीला कायमचा भोवला. पुढची पुष्कळ शिकार त्याने ४६१ बोअरच्या एकनळी गिब्ज रायफलीने केली.

मज्जातंतूंवर परिणाम म्हणजे काय? खांद्याची आठवण मेंदूपेक्षा पक्की असते. शाळेत एकदा छडी खाल्लेला मुलगा दुसऱ्या खेपेला छडी नुसती उगारली तरी हात आखडतो. तसाच खांदा चाप ओढला जाण्याच्या आधीच आकसतो, डोळे मिटतात, नळीचे टोक बोटभर खाली जाते. नेम धरणाऱ्याला याची खबरही नसते. बोटभर चुकलेली गोळी जनावराला मारत नाही, जखमी करून सोडते. चंपावतची वाघीण जिम कॉर्बेटने १९०७ साली मारली. तोवर नेपाळात आणि कुमाऊँत मिळून तिने ४३६ माणसे मारली होती. तिचा जबडा त्याने उघडून पाहिला, तेव्हा उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला होता आणि खालचा हाडापर्यंत. जुन्या गोळीची ती खूण होती. ती गोळी कुणाची आणि का चुकली, हे कुणालाही माहीत नाही. पण माझ्या मोडक्या खांद्याच्या अधिकाऱ्याला मी जबरदस्त रायफल का देऊ शकत नव्हतो, ते यावरून ध्यानात यावे. त्याच्या चुकीची किंमत त्याला द्यावी लागली नसती. ती लाकूडफाट्याला गेलेल्या बायकांना द्यावी लागली असती.

त्याच्या नशिबाने १९१० पर्यंत काळ पालटला होता. कॉर्डाइट नावाची, दोऱ्यासारख्या कांड्यांची बिनधुराची दारू निघाली होती, आणि १८९८ साली रिग्बी कंपनीने तिच्यावर चालणारी ४५० ची दोननळी रायफल बाजारात आणली. चार बोअरच्या गोळीचे वजन साडेसतराशे ग्रेन. हिची गोळी अवघी ४८० ग्रेनची, पण सेकंदाला एकवीसशे फुटांहून अधिक वेगाने जाणारी. हत्तीला ती पुरेशी होती. मग हीच घ्यावी की! पण नाही. बंडखोरांच्या हाती सापडलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींनाही ४५० चीच गोळी चाले. म्हणून सरकारने हिंदुस्थानात या मापाच्या रायफलींना बंदी घातली. विलायतेतल्या कारखानदारांनी मग ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापे काढली. सरहद्दीवरच्या पठाणांमुळे लंडनच्या कारागिरांना सगळे साचे बदलावे लागले, ही मला इतिहासाची एक मिस्कील खोडी वाटते.

एक माप मात्र या कायद्यातून सुटले होते: ४५०/४००. नावातला पहिला आकडा काडतुसाच्या धडाचा, दुसरा गोळीचा. धड ४५० चे, मान आवळून ४०० ची केलेली. याचे जुने लांब काडतूस आपल्याकडच्या उन्हाळ्यात बार झाल्यावर नळीत अडकून बसे. जेफ्री या लंडनच्या बंदूकवाल्याने ते तीन इंचांचे करून त्याची कड जाड केली आणि ही खोड मोडली. वाघाच्या शिकारीसाठी हिंदुस्थानात ही रायफल फार लोकप्रिय झाली. कॉर्बेटजवळही जेफ्रीचीच ४५०/४०० दोननळी होती.

धक्क्याचा हिशेब मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडून फळ्यावर करून घेतला. गोळी जितक्या जोराने पुढे, तितक्याच जोराने रायफल मागे, हे न्यूटनने सांगितलेच आहे. ४७० ची पाचशे ग्रेनची गोळी आणि अकरा रत्तलांची रायफल धरली, तर धक्का सुमारे त्रेपन्न फूट-पौंडांचा येतो. ४५०/४०० ची गोळी चारशे ग्रेनची. रायफल दहा रत्तलांची धरली तर सदतीस. तीच रायफल साडेअकरा रत्तलांची करा, धक्का बत्तिसावर उतरतो. लष्करी ३०३ चा बारा-तेरा भरतो, म्हणजे हेही काही फुलाने मारणे नव्हे. पण ४७० च्या मानाने दोन-पंचमांश भार कमी झाला, आणि वाघाच्या दृष्टीने काहीच कमी झाले नाही! जड रायफल खांद्याला सुखाची आणि वाहणाऱ्याला दुःखाची. ती वाहायला गडी असे. मात्र ऐनवेळी तो गडी रायफलीसकट झाडावर आढळे, अशा हकिगती शिकारपुस्तकांत हव्या तितक्या सापडतात.

फळ्यावरचा हिशेब इथे संपतो आणि शिंप्याचे काम सुरू होते. कोटासारखाच दस्ताही अंगाच्या मापाने बेतावा लागतो. तो आखूड असला तर अंगठा नाकावर आदळतो. फार खाली वाकलेला असला तर नळी उसळून दस्ता गालफडात बसतो. मागचा माथा अरुंद असला तर सगळा भार रुपयाएवढ्या जागेत रुततो. म्हणून माथा रुंद आणि सपाट हवा, त्यावर रबराची गादी हवी. दोननळीला दोन चाप असतात. मागचा ओढताना धक्क्याने पुढच्या चापावर बोट ठेचू नये म्हणून चांगले कारागीर पुढच्या चापाला बिजागरी बसवीत. आणि यंत्रात झीज होऊन दोन्ही नळ्या एकदम उडू लागल्या, तर वरचे सगळे गणित चौपट होते. तेव्हा जुनी रायफल घेणाऱ्याने आधी ते पाहावे. पालथे पडून तर अशी रायफल झाडूच नये. उभ्या माणसाचे अंग धक्क्याबरोबर मागे झुलते; पालथ्याला झुलायला जागाच नसते.

डाव्या खांद्याचा विचार मी बरेच दिवस केला. दोननळीला उजवीकडे खिट्टी नसते, म्हणून ती डावखुऱ्यालाही चालते. दस्त्याची बाजूची बाक तेवढी उलटी करावी लागते, आणि गरम जवसाचे तेल ओतून अक्रोडाचे लाकूड वाकविण्याची विद्या त्या कारागिरांना होती. पण खांदा बदलला तरी डोळा बदलत नाही. चाळीस वर्षे उजव्या डोळ्याने नेम धरणाऱ्याने साठीला डावा डोळा लावावा, हे माझ्या मनाला पटेना. आमचा अधिकारी उजव्याच खांद्यावर राहिला. साडेअकरा रत्तलांची ४५०/४००, रबरी गादी, आणि रोजच्या सरावाला अर्ध्या दारूची काडतुसे.

वाचक विचारतील, मग लहान रायफलच का नको? प्रश्न रास्त आहे. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. डी. एम. बेलने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बहुतेक २७५ च्या चिमुकल्या रिग्बीने. पण त्यासाठी त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिले होते! अशी तयारी आणि असा हात लाखात एखाद्याचा. बाकीच्यांना अंगावर येणाऱ्या वाघासमोर दुसरी गोळी क्षणात हवी असते. खिट्टी मागेपुढे करायला तोवर उसंत नसते, आणि दुखऱ्या हाताला तर नसतेच.

आणि तरीही कॉर्बेट आडवा येतोच. चौगढची नरभक्षक वाघीण त्याने ११ एप्रिल १९३० रोजी मारली. ओढ्याच्या पात्रातून उतरताना त्याला रातव्याची दोन अंडी दिसली. त्याला पक्ष्यांच्या अंड्यांचा छंद. त्याने ती डाव्या तळहातावर शेवाळात ठेवली, आणि एका मोठ्या शिळेला वळसा घालून पाहतो तर वाघीण आठ फुटांवर त्याच्याकडे टक लावून बसलेली. घाई केली असती तर ती झेपावली असती. हातात २७५ ची रिग्बी होती. उजव्या एका हाताने, छातीवरून इंचाइंचाने, ती त्याने वाघिणीकडे वळविली आणि चाप ओढला. खांद्याला दस्ता लागलाच नाही. साडेअकरा रत्तलांची दोननळी तशी एका हाताने फिरविता आली असती असे मला वाटत नाही.

वाघीण जागेवर मेली. अंडी शाबूत होती. कॉर्बेट मागे फिरला आणि त्याने ती होती त्याच खळग्यात परत ठेवली. अर्ध्या तासाने तो त्या वाटेने गेला, तेव्हा रातवी त्यांच्यावर बसलेली होती.