मौना लोआवरचे यंत्र

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की निवळी दुधाळ होते. हा प्रयोग आपण वर्गात दरवर्षी करतो. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड आहे एवढे त्यातून कळते. एखादा चौकस विद्यार्थी मग विचारतो, "पण बाहेरच्या हवेत तो किती असतो?" आणि त्याच्याहून चौकस एखादी मुलगी विचारते, "गेल्या वर्षीपेक्षा वाढलाय का?" निवळीजवळ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नाहीत. पहिल्याचे उत्तर चांगल्या यंत्राने मिळू शकते. दुसरा प्रश्न फार अवघड आहे, कारण त्यासाठी गेल्या वर्षीचे यंत्र आणि यंदाचे यंत्र एकच बोली बोलत आहेत याची खात्री हवी. ही खात्री कशी मिळवली गेली, त्याची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत. ती घडली हवाई बेटांवरच्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर.

१९५० च्या सुमारास हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे आकडे नव्हते असे नाही. रासायनिक पद्धतीने ते काढले जात. ठरावीक हवा अल्कलीच्या द्रावणातून न्यायची, वायू शोषला गेला की उरलेल्या अल्कलीचे अनुमापन करायचे. पण ठिकठिकाणचे आणि निरनिराळ्या दिवसांचे आकडे एकमेकांशी इतके फटकून असत की, हा वायू हवेत वाटेल तसा कमीजास्त होतो असेच बहुतेकांना वाटे.

चार्ल्स डेव्हिड कीलिंग (१९२८–२००५) हा तरुण रसायनशास्त्रज्ञ तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत होता. त्याला अभ्यास करायचा होता नदीच्या पाण्यातल्या कार्बोनेटचा. त्यासाठी हवेतला आकडाही हवा होता. विश्वासार्ह आकडा मिळेना, म्हणून त्याने स्वतःच पाऱ्याचा एक दाबमापक बांधला. काचेच्या फुग्यात हवा धरायची, द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीने तिच्यातला कार्बन डायऑक्साइड गोठवून वेगळा काढायचा, आणि ठाऊक असलेल्या आकारमानात व तापमानाला त्याचा दाब मोजायचा. काम वेळखाऊ, पण हजारात एखाद्या भागाइतकी चूक. १९५५ मध्ये बिग सूर येथील वनात तंबू ठोकून, रात्रीबेरात्री उठून त्याने नमुने गोळा केले. रात्री वायू जास्त, दिवसा कमी. झाडे आणि माती रात्री श्वसन करतात, दिवसा प्रकाशसंश्लेषण चालते, तेव्हा यात नवल नव्हते. नवल वेगळेच होते. भर दुपारी, हवा चांगली ढवळली गेल्यावर, आकडा प्रत्येक ठिकाणी जवळजवळ तोच येई: दर दहा लाख रेणूंमागे सुमारे ३१० रेणू. म्हणजे स्थानिक गोंधळाच्या मागे सगळ्या वातावरणाचा एक पार्श्व-आकडा होता, आणि तो मोजता येत होता.

फुगे भरून आणून तो महिन्यातून काही वेळा मोजता आला असता. कीलिंगला मात्र तो सतत मोजायचा होता. त्याला उपयोगी पडले ते मूळचे कारखान्यांसाठी बनवलेले अवरक्त वायुविश्लेषक यंत्र.

या यंत्राचे तत्त्व जुने आहे. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतो हे जॉन टिंडलने १८५९ मध्ये दाखवले होते. यंत्रात अवरक्त किरण एका नळीतून जातात, नळीतून हवा वाहत असते. हवेत हा वायू जितका जास्त, तितके पलीकडे पोचणारे किरण कमी. पण पाण्याची वाफसुद्धा किरण शोषते, मग नेमका आपला वायू ओळखायचा कसा? युक्ती सुरेख आहे. शोधक कप्प्यात कार्बन डायऑक्साइडच भरून ठेवतात. तो ज्या किरणांनी तापायचा त्याच किरणांनी तापतो, बाकीच्यांकडे जवळजवळ दुर्लक्ष करतो. चोर ओळखायला चोरच बसवल्यासारखे हे आहे. आज शीतगृहांत, बाटलीबंद पेयांच्या कारखान्यांत भिंतीवर कार्बन डायऑक्साइडचे जे मापक कायमचे बसवलेले असतात, त्यांतही किरणशोषणाचे हेच तत्त्व वापरतात.

आणि त्यांची अडचणही तीच. असे यंत्र स्वतःहून 'दहा लाखांत ३१३' असे कधी सांगत नाही. ते फक्त सांगते की काटा इतका हलला. दिवा जुना होतो, नळीच्या खिडकीवर धूळ बसते, खोली तापते, हवेचा दाब बदलतो. प्रत्येक वेळी काटा सरकतो आणि हवा मात्र तीच असते. म्हणून त्याला मधूनमधून प्रमाण माहीत असलेला वायू दाखवून काटा कुठे येतो ते पाहावे लागते. यालाच अंशांकन म्हणतात. कारखान्यातली माणसे कॅलिब्रेशन म्हणतात. कारखान्यात धोक्याची घंटा वेळेवर वाजली की भागते. कीलिंगला दहा लाखांत एका भागाचा फरक पकडायचा होता, तोही वर्षानुवर्षे.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होते. अमेरिकेच्या हवामान खात्यातील संशोधनप्रमुख हॅरी वेक्सलर आणि स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेचे रॉजर रेव्हेल यांनी कीलिंगची योजना उचलून धरली. चार यंत्रे घेतली गेली. त्यांपैकी एक मौना लोआच्या वाट्याला आले.

जागेची निवड हा बसवणुकीचा अर्धा भाग असतो. मौना लोआची वेधशाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर, उघड्या लाव्हाच्या खडकावर आहे. भोवती झाड नाही, गाव नाही, चहूकडे प्रशांत महासागर. तरीही जागा निर्दोष नव्हती. रात्री उतारावरून खाली येणारा वारा कधीकधी ज्वालामुखीच्या भेगांमधला वायू घेऊन येतो. दिवसा खालून वर चढणारा वारा जंगलावरून आलेला, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाने वायू कमी झालेला असतो. म्हणून हवा एकाच नळीने न घेता, इमारतीपासून दूर, सात मीटर उंचीच्या चार मनोऱ्यांच्या टोकांवरून घेतली जाई. ज्वालामुखीची हवा आली की कागदावरची पेनची रेघ थरथरू लागते आणि निरनिराळ्या मनोऱ्यांचे आकडे जुळेनासे होतात. असे तास पार्श्व-आकड्याच्या हिशेबातून वगळायचे. यंत्रात शिरण्याआधी हवेतली वाफ गोठवून काढली जाई.

हा वाऱ्याचा विचार आपल्या जवळच्या एका ठिकाणीही कामी आला आहे. गोव्यातल्या काबो-द-रामा येथे १९९३ पासून काही वर्षे हवेचे नमुने फुग्यांत भरून ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत मोजले जात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तिथे समुद्रावरची स्वच्छ हवा मिळते, हिवाळ्यात जमिनीवरून आलेली. एकाच कड्यावर दोन निरनिराळ्या हवा!

मार्च १९५८ मध्ये स्क्रिप्सच्या बेन हार्लनने आणि हवामान खात्याच्या जॅक पेल्सने मौना लोआवर यंत्र बसवले. पहिल्या दिवसाचा आकडा आला ३१३. कीलिंगने आधीच्या नमुन्यांवरून जो सांगून ठेवला होता त्याच्या एका भागाच्या आत. एप्रिलमध्ये तो एक भागाहून जास्त वाढला. मेमध्ये आणखी वाढला आणि मग वीज गेली. काही आठवडे यंत्र बंद. जुलैत पुन्हा सुरू झाले तेव्हा आकडा मार्चपेक्षाही खाली! ऑगस्टअखेर आणखी घसरला, मग पुन्हा वीज गेली. कीलिंग धास्तावला. हवा लहरी आहे की यंत्र?

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते, कारण वर्गात नेमका हाच प्रसंग रोज घडतो. अपेक्षेबाहेरचे वाचन आले की विद्यार्थी एकतर यंत्राला दोष देतो किंवा वाचन गुपचूप दुरुस्त करतो. कीलिंगने दोन्ही केले नाही, आणि करावे लागलेही नाही, कारण ठरावीक वेळाने यंत्रातून सिलिंडरमधला प्रमाण वायू सोडला जात होता. प्रमाण वायूचा आकडा जागेवर आहे आणि हवेचा हलतो आहे, म्हणजे हवाच हलते आहे. दुसऱ्या वर्षी तेच चढउतार त्याच महिन्यांत दिसले आणि कोडे सुटले. उत्तर गोलार्धातली झाडे-गवते वसंतापासून वायू ओढून घेतात आणि शरद-हिवाळ्यात कुजून परत देतात. मेमध्ये शिखर, सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ. अर्ध्या पृथ्वीचा श्वास एका पेनच्या रेघेवर उमटला होता. आणि वर्षाची सरासरी मागच्या वर्षीपेक्षा किंचित जास्त होती.

हे 'किंचित' खरे की खोटे? सगळा वाद येथे येऊन ठेपतो. सिलिंडरमधला वायूच हळूहळू बदलत असेल तर यंत्र त्याच्यामागे सरकेल आणि वाढ नसताना वाढ दिसेल. म्हणून उतरंड रचली होती. डोंगरावर रोज वापरायचे सिलिंडर काही महिन्यांत संपतात. त्यांची तुलना जास्त जपून वापरलेल्या सिलिंडरांशी. त्यांची आणखी जपलेल्या सिलिंडरांशी. आणि सर्वांत वरच्या सिलिंडरांतला वायू पुन्हा पाऱ्याच्या दाबमापकाने मोजायचा. दाबमापकाला दुसऱ्या कुठल्या वायूची साक्ष लागत नाही. दाब, आकारमान आणि तापमान पुरे. बाजारातला तराजू वजनमापे खात्याच्या वजनाशी आणि ते वजन त्याहून वरच्या वजनाशी ताडून पाहतात, तसेच हे.

तरी एक चूक राहिलीच. सुरुवातीचे प्रमाण वायू नायट्रोजनमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळून केलेले होते. हवेत तर ऑक्सिजनही असतो. शेजारच्या रेणूंच्या धडकांनी कार्बन डायऑक्साइडच्या शोषणरेषा रुंदावतात, आणि ऑक्सिजनची धडक नायट्रोजनच्या धडकेसारखी नसते. त्यामुळे प्रमाण तेच असूनही यंत्र हवेचा आकडा थोडा कमी दाखवी. हे लक्षात आल्यावर जुने सगळे आकडे सुधारले गेले. डिसेंबर १९८३ पासून हवेत मिसळलेले प्रमाण वायू वापरात आले. मार्च १९५८ ची मासिक सरासरी आज ३१५.७ अशी छापली जाते. पहिल्या दिवसाचे ३१३ आणि हे ३१५.७, यांतला फरक मुख्यतः मोजपट्टीतला आहे. कोणी याला लबाडी म्हणेल. पण पंचवीस वर्षांपूर्वीचा आकडा सुधारता येतो याचा अर्थ कोणत्या दिवशी कोणता सिलिंडर जोडला होता याची नोंद कोणीतरी चोख ठेवली होती. आमच्या मते ही नोंदवही त्या यंत्राइतकीच मोलाची.

असे काम कंटाळवाणे दिसते आणि त्याला पैसा देताना हात आखडतो. दर महिन्याला तेच मोजण्यात कसले आले संशोधन, असे कीलिंगला अनेकदा ऐकावे लागले. १९६४ मध्ये सरकारी अंदाजपत्रकाला कात्री लागली आणि फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांच्या सरासऱ्या कायमच्या हरवल्या. त्या आलेखातली ती फट आजही दिसते. मे १९७४ पासून अमेरिकेच्या सागर व वातावरण प्रशासनाने त्याच जागी स्वतंत्र यंत्र, स्वतंत्र सिलिंडर घेऊन मोजणी सुरू केली. दोन घड्याळे शेजारी ठेवण्याचा फायदा असा की एक बिघडले तर निदान बिघाड झाल्याचे कळते.

१९८४ च्या मार्च-एप्रिलमध्ये मौना लोआचा उद्रेक झाला आणि वीज तुटून आणखी एक फट पडली. कीलिंग जून २००५ मध्ये वारला. त्याचे पहिले यंत्र मात्र २००६ च्या सुरुवातीपर्यंत डोंगरावर काम करत होते, जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षे. १९५९ ची वार्षिक सरासरी सुमारे ३१६ होती, २०२४ ची सुमारे ४२४.६.

२७ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री मौना लोआ पुन्हा जागा झाला. लाव्हाने वेधशाळेचा रस्ता आणि विजेची तार दोन्ही तोडली आणि मोजणी थांबली. या वेळी काही दिवसांतच शेजारच्या मौना केआ शिखरावर, एका दुर्बिणीच्या इमारतीत तात्पुरती मोजणी सुरू झाली. मार्च २०२३ मध्ये मौना लोआवर पुन्हा वाचने मिळू लागली, पण मौना केआवरची मोजणी लगेच बंद केली नाही. काही महिने दोन्हीकडे एकाच वेळी हवा मोजली जात होती.