धुळीचा दावा आणि हजेरीपट

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील रॉचडेल या गिरण्यांच्या गावी १४ मार्च १९२४ रोजी नेली कर्शॉ नावाची एक कामगार स्त्री वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी मरण पावली. बाराव्या वर्षी ती सुताच्या गिरणीत लागली होती, पुढे ॲस्बेस्टॉसचे तंतू कातण्याच्या कामावर गेली, आणि १९१७ च्या अखेरीपासून टर्नर ब्रदर्स या त्या धंद्यातील अग्रगण्य कंपनीत नोकरीस होती. जुलै १९२२ मध्ये दम्याने हैराण होऊन ती घरी बसली, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी दाखल्यावर व्याधीचे कारण ‘ॲस्बेस्टॉसची विषबाधा’ असे स्पष्ट लिहिले. आणि त्या स्पष्टपणामुळेच तिच्या दोन्ही वाटा बंद झाल्या. आजारविम्याचा भत्ता देणाऱ्या संस्थेने कळविले की, व्याधी धंद्यामुळे जडली असेल तर तिचा भार मालकाने उचलावा, विम्याच्या निधीतून काही देता येणार नाही. मालकाने कळविले की, कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यास जोडलेल्या परिशिष्टात या व्याधीचे नाव नाही, सबब कंपनीकडे काही देणे निघत नाही. आठवड्यांमागून आठवडे गेले आणि एक पेनीही हाती आली नाही, तेव्हा तिने स्वतः कंपनीस पत्र लिहून जाब विचारला. तिच्या पश्चात अंत्यविधीच्या खर्चासाठी कुटुंबाने केलेली मागणीही कंपनीने नामंजूर केली. थोडे जरी दिले तरी जबाबदारी कबूल केल्यासारखे होईल, अशी त्यामागची धास्ती होती.

मृत्यूची चौकशी झाली, आणि डॉक्टर विल्यम कुक यांनी तिच्या फुफ्फुसांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून त्यांत रुतलेले खनिजाचे कण पाहिले. त्यांचा लेख त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला, आणि १९२७ मध्ये त्यांनीच या रोगास ॲस्बेस्टॉसिस हे नाव दिले.

पुढील शंभर वर्षांचा इतिहास या एका प्रकरणात बीजरूपाने सामावला आहे असे मला वाटते. भरपाईचा कायदा नव्हता, म्हणून या धुळीचे रोगी उपाशी मेले, असे कोठेच झालेले नाही. कायदा होता, कचेरी होती, अर्जाचे नमुनेसुद्धा होते. परंतु कायद्याने दर वेळी रोग्याकडे जो कागद मागितला तो एकतर मालकाच्या कपाटात होता, किंवा कोणीच लिहून ठेवलेला नव्हता. आणि ज्याला दोन जिने चढवत नाहीत अशा माणसावर तो शोधून आणण्याचा भार पडला.

याचे मूळ रोगाच्या प्रकृतीत आहे. ॲस्बेस्टॉस खडकातून निघते, पण कापसासारखे पिंजता, कातता आणि विणता येते, आणि आगीत जळत नाही. म्हणून बाष्पयंत्रांची वेष्टने, मोटारींच्या ब्रेकची अस्तरे, नाट्यगृहांचे अग्निरोधक पडदे आणि छपरांचे सिमेंटचे पत्रे या सर्वांत त्याचा शिरकाव झाला. हे तंतू पिंजताना उडणारी धूळ श्वासाबरोबर आत गेली म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तिचे कण फुफ्फुसात कायमचे ठाण मांडतात. कोणाचे फुफ्फुस वर्षानुवर्षे घट्ट होत जाते, कोणाला फुफ्फुसाचा कर्करोग होतो, तर कोणाला फुफ्फुसावरील आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा, जवळजवळ असाध्य असा कर्करोग गाठतो. आणि हा शेवटचा तर धुळीशी पहिला संबंध आल्यापासून बहुधा वीस ते पन्नास वर्षांनी प्रकट होतो. उलट, भरपाईचे कायदे रचले गेले ते अपघात डोळ्यांपुढे ठेवून. यंत्राच्या पट्ट्यात हात सापडला, तर त्याला वार असतो, वेळ असते, शेजारच्या यंत्रावरचा साक्षीदार असतो आणि मुकादमाच्या वहीत नोंद असते. धुळीच्या रोगाला यांतले काहीच नसते.

तरीही इशारे आधी मिळाले नव्हते असे नाही. १८९८ मध्ये कारखान्यांच्या निरीक्षक ल्यूसी डीन यांनी आपल्या अहवालात या धुळीचा उल्लेख केला होता. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉक्टर माँटेग्यू मरे यांच्याकडे एक कामगार आला; त्याने सांगितले की, पिंजण्याच्या खोलीत आपल्याबरोबर होते त्या दहांपैकी आपणच काय ते हयात राहिलो आहोत. तो १९०० मध्ये वारला. धंद्याच्या कोणत्या रोगांना भरपाई लागू करावी याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीपुढे मरे यांनी १९०६ मध्ये ही हकिकत साक्षीत मांडली. समितीने ती ऐकून घेतली, आणि यादीत ॲस्बेस्टॉस घातले नाही. त्या वेळी ते नाव यादीत गेले असते, तर रॉचडेलच्या मालकास १९२२ साली जे उत्तर देता आले ते देता आले नसते. यादीतील एक ओळ किती माणसांच्या अन्नावर उठते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे मेरवेदर आणि प्राइस या दोन सरकारी निरीक्षकांनी ३६३ कामगारांची तपासणी करून १९३० मध्ये अहवाल दिला. ९५ जणांची फुफ्फुसे ग्रासलेली आढळली, आणि वीस वर्षांहून अधिक काम केलेल्यांत तर हे प्रमाण पाचांत चारांच्या घरात होते. त्यावरून १९३१ मध्ये धूळ काढून टाकण्याचे नियम झाले, आणि ॲस्बेस्टॉसिसला भरपाईची योजनाही लागू झाली. योजनेची चौकट मात्र कारखान्यातील ठराविक धुळीच्या कामांपुरती होती; जहाजांच्या गोदीत आणि वीजघरांत बाष्पनळ्यांना हेच वेष्टन हातांनी लिंपणारे कामगार, ज्यांच्या नाकातोंडात तितकीच धूळ जात असे, ते चौकटीबाहेर राहिले.

अमेरिकेत प्रश्न निराळ्या वाटेने सुटू लागला. क्लॅरेन्स बोरेल हा टेक्सासचा कामगार १९३६ पासून तीन दशकांहून अधिक काळ नळ्यांची वेष्टने चढवीत आला होता; १९६९ मध्ये त्याने आपल्या मालकावर दावा न लावता माल बनविणाऱ्या कंपन्यांवर लावला, कारण मालाच्या धोक्याची सूचना देणे हे माल बनविणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे त्याच्या वकिलाचे म्हणणे होते. निकाल ऐकण्यास तो उरला नाही. १९७३ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने दिलेला निर्णय त्याच्या पत्नीच्या पदरात पडला. तेथून दाव्यांचा पूर लोटला, आणि १९७७ च्या सुमारास कंपन्यांच्या दप्तरातून १९३० च्या दशकातील जुनी पत्रे बाहेर आली, ज्यांत या धंद्यातले धुरीण धुळीच्या दुष्परिणामांविषयी जितके कमी बोलले जाईल तितके बरे, असे एकमेकांस लिहीत होते. जो पुरावा रोग्याने आणावा अशी कायद्याची अपेक्षा होती, तो चाळीस वर्षे प्रतिपक्षाच्या कुलपात सुरक्षित होता. जॉन्स-मॅनव्हिल या सर्वांत मोठ्या कंपनीवर सोळा हजारांहून अधिक दावे चालू असताना २६ ऑगस्ट १९८२ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९८८ मध्ये भरपाईसाठी विश्वस्त निधी उभा राहिला, पण दावेदार इतके झाले की १९९५ पासून मंजूर रकमेपैकी शेकडा दहाच हाती पडू लागले.

दक्षिण आफ्रिकेतील कथा अधिक दुःखद आहे. प्रिस्का आणि पेंज येथे ब्रिटनच्या केप कंपनीचा कारभार होता, आणि पेंजच्या खाणीवर मोठमोठ्या पोत्यांत भरलेले तंतू पायांनी तुडवून दाबण्यासाठी लहान मुले उभी केलेली डॉक्टर गेरिट शेपर्स यांनी १९४९ च्या सुमारास स्वतः पाहिली होती. त्या खाणींभोवतीच्या लोकांनी लंडनमध्ये दावे लावले, तेव्हा कंपनीने हरकत घेतली की, न्याय मागावयाचा तर त्यांनी आपल्या देशात मागावा. तीन हजारांहून अधिक वादी झाले. त्यांची बाजू मांडण्याइतका पैसा आणि कायदेशीर साहाय्य त्यांना स्वदेशी मिळणार नाही, हे ओळखून त्या वेळी ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या लॉर्ड्सच्या सभेने २० जुलै २००० रोजी लंडनचे दार उघडे ठेवले. नंतर ठरलेली दोन कोटी दहा लाख पौंडांची तडजोड कंपनीने पुरी केली नाही, आणि २००३ मध्ये पंचाहत्तर लाख पौंडांवर समाधान मानावे लागले.

याच सभेने २००२ मधील फेअरचाइल्ड खटल्यात पुराव्याच्या गाठीलाच हात घातला. एका कामगाराने आयुष्यात चार मालकांकडे काम केले असेल, तर मेसोथेलिओमा कोणाच्या धुळीने झाला हे शास्त्रालाही सांगता येत नाही, आणि या अज्ञानाच्या आडून चारही मालक सुटत होते. प्रत्येकाने धोक्यात भर घातली एवढे सिद्ध झाले तरी पुरे, असे सभेने ठरविले. २०१४ च्या कायद्याने ब्रिटन त्याच्याही पुढे गेला: ज्यांचा मालक बुडाला आणि त्याचा विमा कोणाकडे होता हेही सापडत नाही, अशा मेसोथेलिओमाच्या रोग्यांना विमा कंपन्यांवर बसविलेल्या पट्टीतून भरपाई मिळू लागली. हरवलेल्या कागदाची शिक्षा रोग्याने भोगू नये, हे तत्त्व मान्य होण्यास नेली कर्शॉच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षे लागली.

तिच्या कंपनीचा वारसा आपल्याकडेही आला आहे. टर्नर ब्रदर्सचा विस्तार होऊन झालेल्या टर्नर अँड न्यूऑल या समूहाने १९३४ मध्ये हिंदुस्थानात सिमेंटच्या पत्र्यांचा उद्योग सुरू केला. त्याचा पहिला कारखाना कटनीजवळ कैमोर येथे निघाला, पुढे मुलुंडलाही निघाला, आणि १९५६ पासून घाटकोपर येथे हिंदुस्थान फेरोडो या नावाने ब्रेकची अस्तरे आणि ॲस्बेस्टॉसचे कापड तयार होऊ लागले. कायदा येथेही आधीपासून होता. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा अधिनियम १ जुलै १९२४ रोजी, म्हणजे रॉचडेलच्या त्या मृत्यूनंतर चार महिन्यांच्या आत, अमलात आला होता. आरंभी त्याच्या परिशिष्टात अँथ्रॅक्स, शिसे आणि फॉस्फरस यांसारखी मोजकी नावे होती, ॲस्बेस्टॉसिस यथावकाश आले. पण मुंबईचा कामगार निवृत्त झाला की बहुधा कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी परततो. तेथे दहा-पंधरा वर्षांनी खोकला आणि धाप सुरू झाली, तर गावचा डॉक्टर क्षयाची औषधे देतो. कारखान्यातील त्याच्या खात्याचे नाव त्या डॉक्टराच्या कानावर कधी जातच नाही, आणि कामगारालाही आपण काय हाताळीत होतो हे पुष्कळदा सांगितलेले नसते. कामगार राज्य विमा योजनेच्या वेतनमर्यादेबाहेर जो गेला असेल त्याची वाट आणखी अवघड.

अहमदाबादच्या ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ या संस्थेने १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला तो याच स्थितीस उद्देशून. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी लिहिले की, कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि नोकरी संपल्याने तो हक्क संपत नाही. ज्यांना ॲस्बेस्टॉसिस असल्याचे राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने प्रमाणित करावे, त्यांना कारखान्याने तीन महिन्यांत एक लाख रुपये द्यावेत, असाही आदेश झाला. मला मात्र त्या निकालातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो नोंदीसंबंधीचा: प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत कारखान्याने जतन करावी. रोगाच्या दिरंगाईचे माप घेऊन कागदाची मुदत ठरविणारा असा हा आदेश होता.

आदेश झाला, पण तो पोहोचविण्याचे काम थोड्याच लोकांनी अंगावर घेतले. मुंबईत डॉक्टर मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी अशा एका कारखान्याच्या कामगारांची तपासणी करून २००५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पाचांत एकाहून अधिकांना ॲस्बेस्टॉसिस असल्याचे दिसले. इतक्या जणांना तो असूनही तपासणी होईपर्यंत तो जणू कोणालाच नव्हता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी घालण्याची याचिका फेटाळली. ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातलेला तंतू आपल्याकडे आजही बाहेरून आयात होतो आणि पत्र्यांच्या कारखान्यांत जातो.

१९९५ च्या निकालाच्या दिवशी जो तरुण या धंद्यात पहिल्यांदा कामास लागला असेल, त्याची नोंद कारखान्याने किमान २०३५ पर्यंत जपावयाची आहे. पण हेच पत्रे बांधकामावर यंत्राने कापून बसविणारा, किंवा जुनी छपरे उतरवून फोडणारा कंत्राटी मजूर रोजंदारीवर असतो, पुष्कळदा कोणत्याही हजेरीपटावर त्याचे नाव नसते, आणि त्याच्या आरोग्याची नोंद कोणत्याही दप्तरात उघडली जात नाही.