हमीचे एकक: विभाग की शाळा?

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वैद्यकीय प्रवेशातली ७०:३० ही प्रादेशिक विभागणी (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातल्यांना) रद्द केली. मराठवाड्यात स्वागत झाले, विदर्भात नाराजी उमटली. वाद रंगला तो कोणत्या विभागाच्या किती जागा गेल्या यावर. पण विदर्भ ज्या हमीसाठी भांडत होता, ती अकोला जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तेल्हाऱ्यापर्यंत पोचत तरी होती का? पुढचे विवेचन एवढ्याच प्रश्नाचे आहे.

प्रवेशाची कोणतीही हमी द्यायची तर तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. गुणानुक्रम कोणत्या गटात लावायचा, कशावरून लावायचा आणि वर आलेल्याला नेमके काय द्यायचे. यातल्या पहिलीला आपण 'एकक' म्हणू, दुसरीला 'मापक' आणि तिसरीला 'वचन'. आपल्याकडे सगळा कोलाहल दुसऱ्या गोष्टीवर चालतो: बारावीचे गुण की सीईटी? माझ्या मते हमी कुणाच्या पदरात पडणार हे एकक ठरवते, मापक नव्हे.

विदर्भाचा दावा जुना आहे. १९५३च्या नागपूर करारात शास्त्रीय व व्यावसायिक शिक्षणाच्या संस्थांमध्ये प्रवेश देताना त्या त्या भागाची लोकसंख्या प्रमाण मानावी, असे कलम होते. पुढे राज्यघटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदात तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आला. १९८६ मध्ये निदामर्ती महेशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विभागाविभागांतली पक्की कुंपणे अमान्य केली. मात्र मागे पडलेल्या भागातल्या मुलांसाठी ७० टक्क्यांपर्यंत जागा राखता येतील, असेही म्हटले. सत्तरच्या आकड्याला कायद्याचा आधार मिळाला तो इथे. अभियांत्रिकीत 'गृह विद्यापीठ' या नावाने आलेली विभागणीही त्याच धाटणीची.

या साऱ्यात एकक आहे अकरा जिल्ह्यांचा विदर्भ, नाहीतर पाच जिल्ह्यांचे अमरावती विद्यापीठ. म्हणजे तेल्हाऱ्यातली मुलगी आणि नागपुरात दोन वर्षे नामांकित क्लास केलेला मुलगा एकाच रांगेत. विभाग मागास असतो तेव्हा त्यातली शहरेही तितकीच मागास असतात, असे या सूत्राने गृहीत धरले. अकोल्याचा क्लासेसचा बाजार डोळ्यांनी पाहिलेला माणूस हे गृहीतक मान्य करणार नाही. एकक जितके मोठे, तितका त्यातला सर्वांत सधन कोपरा हमी उचलून नेतो. शिवाय विभाग ठरायचा बारावीच्या कॉलेजवरून. तेल्हाऱ्याचे पोर अकरावीला लातूरला गेले की कागदावर मराठवाड्याचे होऊन जायचे.

एकक लहान केले तर काय होते, याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९९६ मध्ये हॉपवुड खटल्याच्या निकालाने टेक्ससमधल्या विद्यापीठांना प्रवेशात वंश विचारात घेण्याची मनाई झाली. १९९७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला: राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलमधल्या पहिल्या १० टक्के मुलांना कोणत्याही सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. शहरातली श्रीमंत शाळा असो की वाळवंटाकडेची गरीब शाळा, दहा टक्के म्हणजे दहा टक्के. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठात या वाटेने येणाऱ्यांची गर्दी एवढी झाली की २००९ मध्ये कायदा बदलून तिथे मर्यादा घालावी लागली. २०२६च्या प्रवेशासाठी तिथली हमी पहिल्या ५ टक्क्यांवर आली आहे. ब्लॅक, डेनिंग आणि रॉथस्टीन या अर्थशास्त्रज्ञांना २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, हमीमुळे आत आलेल्या मुलांचे पदवी मिळवण्याचे प्रमाण वाढले आणि ज्यांची जागा गेली त्यांचे मोजण्याजोगे नुकसान झाले नाही. ते दुसऱ्या बऱ्या विद्यापीठात गेले, इतकेच.

हेच सूत्र तेल्हाऱ्याला लावून पाहू. एका बाबतीत आपली स्थिती टेक्ससहून बरी आहे. तिथे क्रमांक ठरतो शाळेने दिलेल्या गुणांवर. आपल्याकडे बारावीची लेखी परीक्षा मंडळ घेते आणि पेपर बाहेर तपासले जातात. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे ३० गुण मात्र कॉलेजच्या आवारात पडतात, म्हणून क्रमांक केवळ लेखी गुणांवर लावावा. कॉपीचे काय, असे कुणीही विचारील. गंमत अशी की, सामूहिक कॉपीला शाळानिहाय क्रमांकाइतका मारक उपाय दुसरा नाही. सगळ्यांचे गुण सारखेच फुगले तर कुणाचाच क्रमांक हलत नाही. उलट ज्याने खरा अभ्यास केला आहे, त्याला शेजाऱ्याने उतरवून घेणे परवडत नाही. याची काळी बाजूही आहे. तेच पोर मित्राला वहीही देणार नाही.

खरा धोका दुसरीकडे आहे. टेक्ससमध्ये काही कुटुंबांनी स्पर्धा कमी असलेल्या हायस्कूलकडे मुले वळवली, हे अभ्यासांतून दिसले आहे. आपल्याकडे तर शाळा बदलायचीही गरज नाही. कागदावर कॉलेज एक, बसणे क्लासमध्ये, ही 'टाय-अप'ची रीत रुळलेली आहे. २०१८ मध्ये शासनाला कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला तो तिच्यामुळेच. उद्या तेल्हाऱ्याच्या बारावीला हमी मिळाली, तर अकोल्याचा क्लास आपली मुले तेल्हाऱ्यात नोंदवील. म्हणून अट बारावीपुरती ठेवून चालणार नाही. आठवी ते बारावी त्याच तालुक्यातल्या शाळेत झाली पाहिजे.

तामिळनाडूने हे केले आहे. २०२०च्या कायद्याने तिथे सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून 'नीट' पात्र झालेल्या मुलांना वैद्यकीयच्या ७.५ टक्के जागा मिळाल्या आणि २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पण ती अट जशीच्या तशी वऱ्हाडात आणली तर फसेल. इथे जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक सातवी-आठवीला संपतात. पुढचे शिक्षण खाजगी अनुदानित संस्थांनी उभे केले. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला स्थापलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. 'सरकारी शाळा' हा निकष लावला तर ज्यांच्यासाठी योजना काढली, तेच बाहेर राहतील. निकष 'अनुदानित व तालुक्यातली' असाच हवा.

आता तिसरी गोष्ट, वचन. बी.ए., बी.एस्सी.ची हमी देण्यात अर्थ नाही. ती जागा तशीही मिळते. हमीला किंमत आहे ती जिथे जागा अपुऱ्या आहेत तिथे: पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. वैद्यकीयला 'नीट' केंद्राच्या कायद्याने बांधलेली असल्याने तिथे पात्रता ठेवून केवळ क्रम बदलता येईल. आणि जागेबरोबर वसतिगृह नसेल तर पुण्यातली सीट कापूस उत्पादकाच्या घरात कागदावरच राहते. २०२४ पासून अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत ठरावीक उत्पन्नापर्यंतच्या घरातल्या मुलींची फी माफ आहे, पण खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे माफ नाहीत.

उरतो आरक्षणाशी मेळ. शाळानिहाय जागा वेगळ्या कप्प्यात काढल्या तर सामाजिक आरक्षणाला धक्का लागेल आणि प्रकरण न्यायालयात अडकेल. त्या समांतर ठेवाव्यात, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत. हमी पहिल्या पाच टक्क्यांना द्यायची धरले आणि लहान कॉलेजात विज्ञानाला चाळीस मुले असली, तर पाच टक्के म्हणजे दोनच. तिथे क्रमांक प्रवर्गनिहाय लावता येणार नाही. यादी कॉलेजची एकच लावावी आणि जागा देताना ज्याला त्याला त्याच्या प्रवर्गात बसवावे.