अर्धा जुळणारा दाता कसा चालू लागला?
दात्याच्या मूळपेशींबरोबर आलेल्या टी-पेशी कधीकधी रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करतात. यालाच जीव्हीएचडी म्हणतात. सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेट एकत्र दिल्यास हा त्रास घटतो, हे १९८६ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी दाखवले. तरी शक्यतो पूर्ण जुळणारा दाता लागे. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊ लागले. चवताळून वेगाने वाढणाऱ्या टी-पेशींना ते मारक ठरते. मूळपेशींकडे मात्र हे औषध निकामी करणारे एन्झाइम असते, म्हणून त्या वाचतात. त्यामुळे आज अर्धे जुळणारे आई-वडील किंवा मुलेही दाता होऊ शकतात. धोका पूर्ण संपलेला नाही. पण भाऊ-बहीण जुळले नाहीत म्हणून आशा सोडू नका, डॉक्टरांना हा पर्याय जरूर विचारा.