रेवदंड्याचा कोट आणि कोर्लईची बोली

कोकण किनाऱ्यावरील जुन्या बंदरांची नामावळी सांगू लागले, की सोपारा, कल्याण, वसई, दाभोळ यांच्या बरोबरीने चौलचे नाव घ्यावेच लागते. किंबहुना दीर्घायुष्याच्या दृष्टीने पाहता चौलचा क्रमांक बराच वर लागेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख आहे, टॉलेमीच्या भूगोलात आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत जे ‘चेमूल’ येते, ते चौलच होय असे बहुतेक अभ्यासक मानतात. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसुदी या अरब प्रवाशाने हे बंदर पाहिले, तेव्हा येथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वसाहत नांदत होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकण्याच्या आशेने जहाजातून उतरला, तो याच बंदरात. येथून तो जुन्नर व बीदरकडे गेला. भारताचे रशियन भाषेतील पहिले प्रत्यक्षदर्शी वर्णन त्याच्या लेखणीतून उतरले. त्याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आज रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात पाहावयास मिळतो.

असे हे नगर आज नकाशावर दोन गावांच्या रूपाने उरले आहे. आतल्या बाजूस चौल आणि कुंडलिका नदीच्या मुखाशी, समुद्राला लागून, रेवदंडा. वसईच्या आम्हा ख्रिस्ती लोकांना हे ठिकाण परके नाही. पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’त वसई, दमण आणि चौल ही एकाच कुटुंबातील भावंडे होती. तरीही वसईचा किल्ला ज्याने दहा वेळा पाहिला आहे, अशा आमच्या वाचकाने रेवदंडा एकदाही पाहिलेला नसतो. ही उणीव भरून काढण्याजोगी आहे. परंतु तेथे जाऊन नेमके काय पाहावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

कोटाच्या आत

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता साधारण १७-१८ किलोमीटरवर रेवदंड्याच्या तटबंदीतून थेट आत शिरतो. एस. टी. च्या खिडकीत बसलेल्या प्रवाशाला आपण एका किल्ल्यात प्रवेश केला हे कळतही नाही. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, विहिरी आहेत, घरे आहेत. लोक या किल्ल्याला ‘आगरकोट’ असेही म्हणतात. झाडांच्या गर्दीत मध्येच एखादी उंच भिंत, एखादी कमान, एखाद्या वेदीमागचा कोनाडा दिसतो, आणि मग ध्यानात येते, की या बागांखाली एक संपूर्ण शहर निजले आहे.

त्या शहराचा आरंभ रक्तरंजित होता. १५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या बंदरात इजिप्तचे मामलूक व गुजरातचे आरमार यांनी मिळून पोर्तुगीजांच्या जहाजांवर हल्ला केला. व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैदा याचा तरुण मुलगा लोरेन्सु या लढाईत मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत बापाने त्याचा सूड घेतला, आणि पश्चिम किनाऱ्यावरील सत्तेचा तोल फिरला. १५१६ साली पोर्तुगीजांनी येथे वखार घातली आणि १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने किल्ल्याचे काम सुरू केले. १५२४ मध्ये वास्को द गामा व्हाइसरॉय होऊन तिसऱ्यांदा भारतात आला, तो प्रथम चौलला उतरला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कोचीनला त्याचा अंत झाला.

पुढील पाऊणशे वर्षे हे चौलच्या वैभवाचे दिवस होत. आतल्या चौलमध्ये निजामशाही पेठ आणि खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीज कोट, अशी ही जोडनगरी होती. येथील रेशमी वस्त्रांची आणि लाखकाम केलेल्या लाकडी वस्तूंची ख्याती युरोपापर्यंत पोहोचली होती. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेज्वीट व ऑगस्टिनियन या सर्व संघांनी येथे मठ व चर्चे बांधली. मात्र या चित्राची दुसरी बाजूही आपण नजरेआड करता कामा नये. समुद्रावरील पोर्तुगीज परवान्यावाचून कोणाही देशी व्यापाऱ्याला गलबत हाकारता येत नव्हते, आणि बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये गुलाम म्हणून विकली जाणारी माणसेही असत. चर्चच्या घंटा आणि बेड्यांचा खणखणाट एकाच गावात ऐकू येत होता, हे आमच्या इतिहासाचे सत्य आहे.

१५७०-७१ साली मुर्तजा निजामशहाने या कोटाला वेढा घातला. त्याच सुमारास विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला घेरले होते. अनेक महिने झुंज चालली, कोट पडला नाही, आणि अखेर तह झाला. त्या वेढ्यानंतर तटबंदी अधिक भक्कम करण्यात आली.

या सर्वांतून आज काय उरले? सर्वांत ठळक आहे तो ‘सातखणी’ बुरूज. फ्रान्सिस्कन मठाचा हा मनोरा सेंट बार्बरेच्या नावाचा. लोकांनी मूळ नाव बाजूला ठेवले आणि त्याचे मजले मोजून त्याला नाव दिले. आता सातही मजले शाबूत नाहीत. पायथ्याशी जुन्या तोफा पडून आहेत. मुख्य चर्चचे, डॉमिनिकन व जेज्वीट मठांचे अवशेष, तसेच संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाने ओळखले जाणारे छोटे चॅपल हेही शोधून पाहावे. ‘शोधून’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहोत. पावसाळ्यानंतर रान इतके माजते, की हाताच्या अंतरावरची भिंतही दिसत नाही. म्हणून डिसेंबरनंतर जावे आणि एखाद्या वाडीवाल्याला सोबत घ्यावे. त्याच्याशी चार शब्द बोलून, परवानगी मागूनच वाडीत पाऊल टाकावे. दर्यादरवाजातून बाहेर पडले, की तटाखालीच काळसर वाळूचा किनारा लागतो. ओहोटीच्या वेळी त्या वाळूवरून चालत कोटाची समुद्राकडील भिंत न्याहाळता येते.

शेजारधर्म

रेवदंड्याला जाऊन केवळ चर्चांचे अवशेष पाहून परतणे हे अर्धे दर्शन होय. चौलमध्ये रामेश्वराचे प्राचीन देवालय आणि त्याची पुष्करणी आहे, हिंगुळजेची टेकडी आहे, आणि दत्ताचा डोंगर आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तेथे मोठी जत्रा भरते. रेवदंड्यात बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉग आहे. ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा समाज शतकानुशतके याच परिसरात तेलाचे घाणे चालवीत, शनिवार पाळीत राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, पण आपली मराठी ती बरोबर घेऊन गेली. चार धर्मांची माणसे इतक्या छोट्या भूभागावर इतका काळ एकत्र राहिली, हे या बंदराचे खरे वैभव आम्हास वाटते. राजांनी एकमेकांशी युद्धे केली, आणि शेजाऱ्यांनी एकाच विहिरीचे पाणी शेंदले.

खाडीपलीकडे

रेवदंड्याच्या पुलावर उभे राहून समुद्राकडे पाहिले, की दक्षिण तीरावर पाण्यात घुसलेला एक लांबट डोंगर दिसतो. हाच कोर्लईचा किल्ला. बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांच्या कोटावर नजर ठेवण्यासाठी तेथे तटबंदी सुरू केली आणि १५९४ साली पोर्तुगीजांनी तीच हल्ला करून घेतली. किल्ल्याच्या कण्यावरून एकामागून एक दरवाजे ओलांडीत चालत जाण्यात मोठी मौज आहे. वर एका चर्चचे उघडे अवशेष आहेत, पोर्तुगीज अक्षरे कोरलेले शिलाखंड आहेत, आणि एका बाजूस खाडी व दुसऱ्या बाजूस अथांग समुद्र आहे. पायथ्याशी दीपगृह आहे. उन्हे चढण्यापूर्वी वर जावे आणि पाणी बरोबर न्यावे.

परंतु आमच्या मते या संपूर्ण प्रदेशातील सर्वांत मोलाचा अवशेष किल्ल्यावर नाही. तो पायथ्याच्या गावात आहे. त्याला हात लावून पाहता येत नाही, कारण तो माणसांच्या बोलण्यात आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसई पडली. पुढच्या वर्षी झालेल्या तहानुसार चौल आणि कोर्लई पोर्तुगीजांनी मराठ्यांच्या स्वाधीन केले. धनवान पोर्तुगीज घराणी गोव्याकडे निघून गेली. जी गरीब ख्रिस्ती माणसे जाऊ शकली नाहीत, त्यांतील काहींनी खाडीपलीकडे कोर्लईला संसार थाटले. शिपाई, नोकर, कारागीर, शेतकरी आणि गुलामांची संतती अशा संमिश्र रक्ताची ही माणसे होती. कोटात असताना धन्याशी, धर्मगुरूंशी आणि आपसांत बोलता बोलता त्यांची एक मिश्र भाषा घडली होती. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज होते, परंतु वाक्याची चाल हळूहळू मराठीच्या वळणाने जाऊ लागली, क्रियापद शेवटी येऊ लागले. धनी गेले, बाजार गेला, जहाजे मुंबईकडे वळली, आणि ही बोली मात्र राहिली. कोर्लईचे ख्रिस्ती लोक आजही ती घरात बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे.

हे कसे घडले? विद्वानांनी दिलेली कारणे सोपी आहेत. गाव एका बाजूला पडलेले होते आणि रेवदंड्याला जायचे तर तरीवाचून मार्ग नव्हता. धर्म वेगळा असल्याने लग्नसंबंध गावातल्या गावात होत. कार्मेल मातेच्या चर्चमध्ये पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू दीर्घकाळ येत राहिले. अशा रीतीने सुमारे अडीच शतके ही ज्योत आडोशाला जळत राहिली. १९८६ साली खाडीवर पूल झाला. त्याने दवाखाना, महाविद्यालय आणि नोकरी जवळ आणली, त्याबद्दल गावकऱ्यांनी समाधानच मानावे. परंतु पुलावरून नवे जग जसे आत येते, तशीच तरुण मुले बाहेर जातात, आणि मातृभाषेचे बोल कमी होत जातात.

येथे आमच्या वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा, असे एक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना लोकभाषेत आली. कोर्लईत लोकभाषा म्हणून मराठी आली. शासनाच्या, शाळेच्या आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण ज्या बोलीत आई बाळाला निजवते, ती बोली वेदीपासून दूरच राहिली. वसईच्या आमच्या धर्मग्रामांत याहून वेगळे काय घडले? घरात सामवेदी किंवा वाडवळी, चर्चमध्ये ग्रांथिक मराठी, आणि आता मुलांच्या शाळेत इंग्रजी. मराठीने आम्हाला साहित्य दिले, समाजात स्थान दिले, हे ऋण आम्ही विसरू शकत नाही. तरी मराठीपर्यंत ज्या पायरीवरून आम्ही चढलो, ती पायरी मोडून टाकावी असा त्याचा अर्थ नव्हे.

एके काळी वसई, साष्टी, मुंबई या भागांतही कोर्लईसारखी पोर्तुगीज-मिश्र बोली बोलली जात असे. गोव्याचे थोर भाषापंडित मॉन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फु दालगादो यांनी १९०६ साली ‘उत्तरेच्या’ या बोलीवर अभ्यासलेख प्रसिद्ध केला, म्हणून ती निदान कागदावर उरली. दमण व दीव येथे तिच्या बहिणी अद्याप बोलल्या जातात. आमच्याकडील बोली विझली, तेव्हा कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही. मराठीत मात्र त्या काळाची खूण चावी, साबण, पगार, लिलाव, घमेले, पाव अशा शब्दांतून घरोघर वावरते. ते परके शब्द आहेत, हे आता कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

जाणाऱ्यांसाठी

गेटवेहून लाँचने किंवा २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून सुरू झालेल्या रो-रो बोटीने मांडव्याला उतरावे आणि अलिबागमार्गे रेवदंड्याला यावे. एक दिवस कोट, सिनेगॉग व चौलची देवळे यांसाठी ठेवावा आणि दुसरा दिवस कोर्लईसाठी. धर्मग्रामांच्या सहली वर्षानुवर्षे ठरावीक तीर्थक्षेत्रांना जातात. एखाद्या वर्षी युवक मंडळाने चौल-कोर्लईची सहल आखावी, असे आम्ही सुचवितो.

मात्र कोर्लईच्या लोकांना प्रदर्शनातील वस्तू समजून कोणी त्यांच्या अंगणात कॅमेरे रोखू नयेत. रविवारी त्यांच्या चर्चमध्ये मिस्साला बसावे आणि मिस्सा संपल्यावर पटांगणात वडीलधाऱ्यांना नमस्कार करून त्यांच्याशी बोलावे. त्यांनी आपल्या भाषेतील चार शब्द सांगितले, तर आपणही आपल्या बोलीतील चार त्यांना सांगावेत. घरी परतल्यावर प्रत्येकाने आजीजवळ बसून लग्नातली गाणी, शेतीच्या अवजारांची नावे आणि स्वयंपाकघरातील विस्मृतीत चाललेले शब्द वहीत उतरवून घ्यावेत. रेवदंड्याच्या ढासळत्या भिंती सावरण्याचे काम पुरातत्त्व खात्याकडे सोपवता येते. या वहीचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल, आणि तेही आजी आहे तोवर.